विश्लेषण : पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन फसते! न दिसणाऱ्या अक्षराची शिक्षा नागरिकाला का?

‘वापरकर्तानाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे’ हे वाक्य स्क्रीनवर आले की बहुतेक जण स्वतःलाच दोष देतात. पण अनेकदा चूक टाइप करणाऱ्याची नसतेच. ती असते टाइप केलेली अक्षरे हाताळणाऱ्या प्रोग्राममध्ये. पर्ल या जुन्या संगणकभाषेतील एक साधी लॉगिन स्क्रिप्ट पाहिली, तरी ही गडबड कुठे होते आणि ती कुणी निस्तरायला हवी, हे स्पष्ट होते.

एक शहर, चार नावे

महापालिकेच्या नावात ‘मिरा भाईंदर’ आहे. बातम्यांत कधी ‘मीरा-भाईंदर’, तर कधी ‘मीरा-भायंदर’ असे छापून येते. रोमन लिपीत आणखी तऱ्हा. भाईंदरच्या शेवटच्या ‘दर’मध्ये कुठे ‘ए’ असतो, तर कुठे ‘ई’. विरार लोकलमधल्या प्रवाशाचे यामुळे काहीही अडत नाही. त्याला उतरायचे स्टेशन कळते.

संगणकाला मात्र ही सगळी वेगवेगळी शहरे वाटतात. त्याच्यासाठी नाव म्हणजे अक्षरांची एका ओळीत लावलेली माळ. प्रोग्रामिंगच्या भाषेत तिला ‘स्ट्रिंग’ म्हणतात. दोन स्ट्रिंग समान ठरण्यासाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक मणी सारखा असावा लागतो. एक वेलांटी पहिली की दुसरी, एक रिकामी जागा, एक न दिसणारे चिन्ह, एवढा फरकही पुरतो.

‘ध’ चा ‘मा’ झाल्याने काय होते, हे मराठी माणसाला १७७३ च्या नारायणराव पेशव्यांच्या खुनापासून सांगितले जाते. लॉगिन स्क्रिप्टमध्ये असा ‘ध’ चा ‘मा’ रोज होऊ शकतो, आणि तो करणारा कुणी कारस्थानी नसतो.

पर्ल आजही कशाला?

पर्ल ही भाषा लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. मजकूर वाचणे, त्यातून हवे ते वेचणे आणि बदलणे ही तिची खासियत. त्यामुळे नव्वदच्या दशकात वेबसाइटवरचे फॉर्म आणि लॉगिन हाताळण्यासाठी पर्लच्या स्क्रिप्ट जगभर वापरल्या गेल्या. आता नवी कामे बहुधा इतर भाषांत होतात. पण एकदा चालू झालेली स्क्रिप्ट बंद पडेपर्यंत कुणी हलवत नाही, असा सगळीकडचाच अनुभव आहे.

युनिकोडसाठी, म्हणजे देवनागरीसह जगातल्या सर्व लिप्यांसाठी, भरवशाची सोय पर्लच्या ५.८ या आवृत्तीत आली. ती जुलै २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. मिरा-भाईंदर नगरपालिकेची महापालिका झाली तीही त्याच वर्षी, २८ फेब्रुवारीला. म्हणजे मराठी अक्षरे नीट हाताळण्याची सोय या शहराच्या महापालिकेएवढीच जुनी आहे. ‘तंत्रज्ञानच नव्हते’ ही सबब आता चालण्यासारखी नाही.

न दिसणारे अक्षर कसे पकडतात?

समजा, भाईंदर पूर्वेतल्या एका गृहनिर्माण सोसायटीने पंधरा-वीस वर्षांपूर्वी सभासदांसाठी छोटी वेबसाइट करून घेतली. मेंटेनन्सच्या पावत्या तिथे मिळतात. लॉगिनची स्क्रिप्ट पर्लमध्ये आहे. सभासदांची नावे आणि सांकेतिक रूपातले पासवर्ड एका साध्या फाइलमध्ये आहेत, प्रत्येक ओळीत एक सभासद. नव्या सचिवांनी ती फाइल विंडोजच्या संगणकावर उघडली, दोन नावे वाढवली आणि सेव्ह केली. दुसऱ्या दिवसापासून कुणाचेच लॉगिन होईना.

पासवर्ड कुणीही बदललेला नाही. मग झाले काय?

फाइलमधली प्रत्येक ओळ जिथे संपते, तिथे एक अदृश्य खूण असते. लिनक्समध्ये ती एकच असते, ‘नवी ओळ’. विंडोजमध्ये दोन असतात, ‘ओळीच्या सुरुवातीला परत’ आणि मग ‘नवी ओळ’. पर्ल ओळ वाचते तेव्हा ही खूणही सोबत घेते. ती काढण्यासाठी ‘चॉम्प’ नावाची आज्ञा आहे. पण लिनक्सवर चालणारी ‘चॉम्प’ फक्त ‘नवी ओळ’ खुडते. विंडोजची दुसरी खूण पासवर्डच्या शेपटाला तशीच चिकटून राहते. आता फाइलमधला पासवर्ड एका अक्षराने लांब झाला आणि सभासदाने टाइप केलेल्याशी तो कधीच जुळणार नाही.

डिबगिंग करणारा अननुभवी असेल तर दोन्ही स्ट्रिंग स्क्रीनवर छापतो, दोन्ही सारख्याच दिसतात आणि तो तासभर डोके खाजवतो. अनुभवी माणूस तीन गोष्टी करतो. स्ट्रिंग चौकटी कंसांत छापतो, तिची लांबी छापतो आणि प्रत्येक अक्षराचा क्रमांक छापतो. पहिल्याच युक्तीत चोर सापडतो. ‘ओळीच्या सुरुवातीला परत’ ही खूण मध्ये असल्याने शेवटचा कंस उडी मारून ओळीच्या पहिल्या जागी जाऊन बसतो. उपाय एका ओळीचा आहे : वाचलेल्या प्रत्येक ओळीच्या शेवटच्या दोन्ही खुणा काढून टाकायच्या.

मोबाइलवर याच जातीची आणखी एक अडचण येते. कीबोर्डने सुचवलेला शब्द निवडला की पुढे आपोआप एक रिकामी जागा पडते. पहिले रोमन अक्षर आपोआप मोठे होते. वापरणाऱ्याला ती जागा दिसत नाही. स्क्रिप्टला मात्र दिसते आणि ती म्हणते, असे नाव यादीत नाही.

कुणालाही आत घेणारे कुलूप

आतापर्यंतची चूक बरोबर माणसाला बाहेर ठेवते. दुसरी चूक याच्या उलट आहे आणि जास्त धोकादायक आहे.

पर्लमध्ये बरोबरी तपासण्याच्या दोन पद्धती आहेत. आकड्यांसाठी ‘==’ ही खूण आणि स्ट्रिंगसाठी ‘ईक्यू’ हा शब्द. इतर भाषांतून आलेला प्रोग्रामर सवयीने ‘==’ लिहितो. मग पर्ल दोन्ही पासवर्डना आकडे समजून वाचते. ज्या स्ट्रिंगची सुरुवात आकड्याने होत नाही, तिची किंमत शून्य धरली जाते. खरा पासवर्ड शून्य, चुकीचाही शून्य. शून्य बरोबर शून्य, दार उघडले!

‘ओटीपी’चेही तेच होऊ शकते. मराठी कीबोर्डवरून ‘४५२१’ टाइप केले, तर पर्लची नमुना तपासणारी यंत्रणा त्यांना अंक म्हणून मान्यता देते. पण त्यांची बेरीज-वजाबाकी करायला गेले तर किंमत शून्य येते. एकाच भाषेतल्या दोन भागांचे या अंकांबाबत एकमत नाही. मिरा रोडचा ४०११०७ हा पिनकोड देवनागरी अंकांत भरणाऱ्याने काही चूक केलेली नसते. देवनागरी अंक आत येताच त्यांचे इंग्रजी अंकांत रूपांतर करायला एक ओळ पुरते.

यातली बरीच संकटे पर्ल स्वतःच सांगू शकते. ‘वॉर्निंग्ज’ आणि ‘स्ट्रिक्ट’ या दोन सूचना स्क्रिप्टच्या सुरुवातीला लिहिल्या, तर ‘हा मजकूर आकडा नाही’ अशी तक्रार ती नोंदवते. जुन्या स्क्रिप्टमध्ये अनेकदा याच दोन ओळी नसतात.

‘मीरारोड’ आणि ‘मीठागर’ एकच!

पासवर्ड फाइलमध्ये उघडा ठेवायचा नसतो, त्याचे सांकेतिक रूप ठेवायचे असते. त्यासाठी पर्लमध्ये ‘क्रिप्ट’ ही सोय आहे. तिची जुनी पद्धत पासवर्डचे फक्त पहिले आठ बाइट पाहते, पुढचे सोडून देते. ‘भायंदर’ हे नाव रोमन लिपीत नऊ अक्षरांचे होते. म्हणजे ‘भायंदरईस्ट’ आणि ‘भायंदरवेस्ट’ हे दोन रोमन पासवर्ड या कुलपाला एकच वाटतात. रुळांच्या दोन बाजूंचा फरक नवव्या अक्षरानंतर सुरू होतो आणि यंत्रणा आठव्यालाच थांबलेली असते.

देवनागरीत हे आणखी लवकर घडते. संगणकात सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘यूटीएफ-८’ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘भाईंदर’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. युनिकोडच्या हिशेबात काना आणि अनुस्वार वेगळे धरून तो सहा चिन्हांचा होतो. बाइट मोजले तर अठरा. चार, सहा की अठरा, हे स्क्रिप्टला सांगितले नाही तर ती अठरा धरते आणि ‘नाव वीस अक्षरांपेक्षा मोठे नको’ असा नियम असेल तर सहा-सात चिन्हांतच मराठी नावाचा गळा आवळला जातो.

आता आठ बाइटांचे ते जुने कुलूप पुन्हा आठवा. ‘मीरारोड’ या पासवर्डमधून त्यात जातात ‘म’, दीर्घ वेलांटी आणि ‘र’चे पहिले दोन बाइट. ‘मीठागर’मधून जातात ‘म’, तीच वेलांटी आणि ‘ठ’चे पहिले दोन बाइट. ‘र’ आणि ‘ठ’ यांचा फरक तिसऱ्या बाइटमध्ये आहे. त्यामुळे मिठागरांच्या या शहरात ‘मीरारोड’ पासवर्ड ठेवणाऱ्याचे खाते ‘मीठागर’ टाइप करूनही उघडेल.

नव्या पद्धतींत ही मर्यादा सैल झाली आहे. प्रचलित ‘बीक्रिप्ट’ ७२ बाइट पाहते. पण देवनागरीत तीही २४ चिन्हांवर येते.

सारखे दिसणारे, पण सारखे नसलेले

मराठीच्या खास अक्षरांची कथा वेगळी आहे. ‘कऱ्हाड’मधला अर्धा ‘र’ दोन पद्धतींनी टाइप होतो. एका कीबोर्डवर तो नुक्त्याच्या ‘ऱ’पासून बनतो. दुसऱ्यावर साधा ‘र’, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह असे तीन तुकडे येतात. ‘ॲडव्होकेट’मधला ‘ॲ’ही असाच. २००८ मध्ये युनिकोडने त्याला स्वतंत्र जागा दिली. त्याआधीपासून तो ‘अ’ आणि अर्धचंद्र जोडून लिहिला जात होता आणि अनेक जुन्या नोंदींत तो तसाच आहे. स्क्रीनवर दोन्ही रूपे जुळी भावंडे दिसतात. स्क्रिप्टला मात्र ती अनोळखी.

युनिकोडची ठरलेली ‘नॉर्मलायझेशन’ प्रक्रिया अशी काही रूपे एक करते, पण वरच्या दोन्ही उदाहरणांत ती पुरी पडत नाही. त्यासाठी मराठीची जाण असलेल्या कुणीतरी चार-सहा ओळींची स्वतंत्र तुलनासूची लिहावी लागते. काम अवघड नाही. ते करायचे आहे, हे मात्र कुणाच्या तरी लक्षात यायला हवे.

उत्तनच्या बाजूला गेले की प्रश्न अपॉस्ट्रॉफीचा येतो. ख्रिस्ती आडनावांत, ‘डि’सोझा’सारख्या नावांत, ती सहज असते. डेटाबेसला विचारायचा प्रश्न स्क्रिप्टने तुकडे जोडून तयार केला असेल, तर ही एक खूण तो प्रश्न मध्येच तोडते आणि पान कोसळते. याच फटीतून हल्लेखोरही आत शिरतात. बऱ्याचदा उपाय म्हणून ‘नावात विशेष चिन्हे चालणार नाहीत’ अशी पाटी लावली जाते. योग्य उपाय वेगळा आहे : पर्लच्या डेटाबेस जोडणीत नावाची जागा आधी मोकळी ठेवून मजकूर नंतर भरण्याची सोय आहे, ती वापरायची. आडनाव पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. बदलायचे ते स्क्रिप्टने.

मोठ्यांनाही चुकले आहे

या चुका फक्त छोट्या सोसायट्यांच्या नव्हेत. ‘बगझिला’ हे मोझिलाचे, सॉफ्टवेअरमधल्या त्रुटींची नोंद ठेवणारे प्रसिद्ध सॉफ्टवेअर पर्लमध्येच लिहिलेले आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याच्या नवे खाते उघडण्याच्या भागात गंभीर दोष उघड झाला. फॉर्ममधली एकच चौकट मुद्दाम अनेकदा भरून पाठवली, तर पर्ल एका स्ट्रिंगऐवजी स्ट्रिंगची यादी हाती देत होती. यादीतले जादा मणी शेजारच्या जागेत, म्हणजे लॉगिन नावाच्या जागेत, घुसत होते. त्यामुळे स्वतःच्या नसलेल्या ईमेलवरही खाते उघडणे शक्य होते. जिथे संस्थेच्या ईमेलला आपोआप जादा अधिकार मिळतात, तिथे ते अधिकारही हाती लागत. त्रुटी नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरलाच अशी त्रुटी कित्येक वर्षे दिसली नाही.

मग नियम सैल करायचे का?

‘सुरक्षेसाठी कडक तुलना हवीच, लोकांनी नीट टाइप करावे,’ असा युक्तिवाद कंत्राटदारांकडून हमखास येतो. त्यात निम्मे तथ्य आहे. पासवर्डची तुलना कडकच हवी. त्यातले लहान-मोठे अक्षर, मधली जागा, शेवटचे चिन्ह यांत स्क्रिप्टने परस्पर काटछाट करू नये.

पण वापरकर्तानाव, मोबाइल क्रमांक, पिनकोड आणि शहराचे नाव ही गुपिते नाहीत. तिथे पुढची-मागची जागा काढणे, अक्षरे एका रूपात आणणे, देवनागरी अंक स्वीकारणे यांमुळे सुरक्षा कणभरही कमी होत नाही. अमेरिकेच्या ‘एनआयएसटी’ या मानक ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत तर पासवर्डमध्येही युनिकोड चिन्हे स्वीकारावीत, प्रत्येक चिन्ह एकच मोजावे आणि पासवर्ड मध्येच कापू नये, असे म्हटले आहे. कडकपणाच्या नावाखाली आठव्या बाइटला कापणारी यंत्रणा कडक नाही, ती फक्त जुनी आहे.

चुकीचा संदेशही नीट लिहिता येतो. नाव चुकले की पासवर्ड, हे मुद्दाम सांगत नाहीत, कारण त्यातून हल्लेखोराला सुगावा लागतो. ते योग्यच. पण ‘क्रमांकात दहा अंक हवेत, नऊ आले’ किंवा ‘नावाच्या शेवटी रिकामी जागा आहे’ हे सांगण्यात कुणाचेही गुपित फुटत नाही. नागरिकाचे हेलपाटे मात्र वाचतात.

पणाला काय लागले आहे?

२०११ च्या जनगणनेत मिरा-भाईंदरची लोकसंख्या ८ लाख ९ हजार ३७८ होती. मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी, कोकणी अशा अनेक भाषांतली नावे इथल्या याद्यांत शेजारी-शेजारी बसतात. मालमत्ता कर, पाणीपट्टी, दाखले, शिष्यवृत्ती अशा कामांची पहिली पायरी आता बहुतेक वेळा लॉगिनच असते.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. पण ही मुदत मोजली जाते अर्ज दाखल झाल्यापासून. लॉगिनच्या दारातच अडकलेल्या माणसाचा अर्ज दाखल होत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी घड्याळ सुरूच होत नाही. विलंबाची तक्रार करायला हातात कागद नाही, कारण नोंदीनुसार त्याने काही मागितलेलेच नाही. खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज नाकारला तर निदान त्याच्याशी वाद घालता येतो. न दिसणाऱ्या रिकाम्या जागेशी वाद कसा घालायचा?

जुलै २०२५ मध्ये मिरा रोडच्या रस्त्यावर मराठीसाठी मोठा मोर्चा निघाला. भाषेवरून इतके रान पेटणाऱ्या शहरात ‘कऱ्हाडकर’ हे आडनाव दोन्ही पद्धतींनी टाइप करून लॉगिन होते का, हा प्रश्न कुठल्याही सभेत विचारला जात नाही. तो विचारायला हवा. संगणकात मराठी टिकते ती अशाच ओळींवर.

करायचे काय, हे मोजके आहे. लॉगिन असलेली कुठलीही सार्वजनिक वेबसाइट ताब्यात घेण्यापूर्वी एका पानाची चाचणी सक्तीची करावी. त्यात ‘कऱ्हाडकर’ दोन्ही रूपांत असावे, ‘डि’सोझा’ अपॉस्ट्रॉफीसह असावे, मोबाइल क्रमांक देवनागरी अंकांत असावा, नावामागे एक रिकामी जागा असावी, शहराच्या नावाची चारही रूपे असावीत आणि ‘मीरारोड’च्या खात्यावर ‘मीठागर’ टाकून पाहावे. यातला एकही प्रयोग फसला, तर कंत्राटदाराचे बिल अडवावे. ही चाचणी घ्यायला अभियंता लागत नाही. अर्धा तास आणि एक मोबाइल पुरतो.